गुळणीची परीक्षा



जेवण झालें कीं चूळ भरावी, ही शिकवण आपल्याकडे मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वींच मिळते. आयुर्वेदानें तर तोंडांत द्रव धरण्याचे दोन प्रकार निरनिराळे सांगितले आहेत. तोंड पूर्ण भरून द्रव स्थिर ठेवणें तो गंडूष, आणि तोंडांत खेळवितां येईल इतक्या बेतानें घेणें तो कवल. आज औषधाच्या दुकानांत रंगीत बाटल्यांतून मिळणारी गुळणी ही या जुन्या चालीचीच धाकटी बहीण होय. फरक इतकाच कीं, नव्या बाटलीवर एक प्रतिज्ञा छापलेली असते. ही गुळणी जंतु मारते, असें बाटली सांगते. आणि वाचणारा मनांतल्या मनांत पुढचें वाक्य आपणच जोडून घेतो कीं, अर्थात् हिरड्या सुजणार नाहींत. या दोन वाक्यांमध्यें जें अंतर आहे, तें ओलांडण्यास शास्त्राला जवळजवळ ३०० वर्षें लागलीं.

हें अंतर प्रथम ज्याच्या ध्यानांत आलें, तो कोणी वैद्य नव्हता. हॉलंडमधील डेल्फ्ट या गांवचा अँटनी व्हान लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. भिंगें घांसण्याचा त्याला मोठा नाद. १७ सप्टेंबर १६८३ रोजीं त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलें. त्या वेळीं तो पन्नाशीचा होता. दररोज सकाळीं तो मिठानें दांत घांशी, पाण्यानें तोंड धुई, आणि जेवणानंतर दाढा कोरून फडक्यानें पुसून काढी. इतकी निगा राखूनही दाढांच्या फटींत भिजलेल्या पिठासारखें कांहीं पांढरें साचलेलें त्याला आढळे. तें त्यानें स्वच्छ पावसाच्या पाण्यांत कालवून भिंगाखालीं धरलें, तों त्यांत असंख्य सूक्ष्म प्राणी मोठ्या डौलानें हालतांना दिसले. येथवरची कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत सांपडते. पुढची कथा फारशी सांगितली जात नाहीं, आणि प्रस्तुत विषयाला तीच महत्त्वाची आहे.

लेवेनहूकनें द्राक्षमद्याचा तीव्र शिरका तोंडांत घेतला, दांत मिटून तो फटींफटींतून घोळविला, नंतर साध्या पाण्यानें तोंड धुतलें, आणि दाढांमधील तो पांढरा मळ काढून पुन्हां पाहिला. प्राणी अगणित होते व जिवंत होते. मग त्यानें मळ कालविलेल्या पाण्यांतच थोडा शिरका मिसळला. तेव्हां मात्र ते तत्काळ मेले. एखाद्या उतावळ्या मनुष्यानें यांपैकीं दुसराच प्रयोग तेवढा केला असता, आणि शिरक्याच्या बाटल्या विकावयास काढल्या असत्या. लेवेनहूकनें दोन्ही प्रयोग शेजारीं ठेवले व अनुमान काढलें कीं, गुळणीनें मळाच्या बाहेरच्या अंगाचे प्राणी मरतात, परंतु तो द्रव मळाच्या अंतर्भागापर्यंत पोंचत नाहीं. पेल्यांतला जंतु आणि दांतावरचा जंतु यांत भेद आहे, ही गोष्ट अशा रीतीनें १६८३ सालींच नोंदली गेली.

दांतावरच्या या चिकट थराला हल्लीं दंतवैद्य प्लाक म्हणतात. तो म्हणजे केवळ अडकलेलें अन्न नव्हे. अन्न चूळ भरल्यानें निघतें. प्लाक निघत नाहीं, कारण ती जंतूंची दांताला घट्ट चिकटलेली, स्वतःच्याच चिकाच्या आवरणांत राहणारी वसाहत असते. तो बरेच दिवस तसाच राहून त्यांत लाळेंतील क्षार बसले, म्हणजे त्याचें कठीण किटण बनतें.

लेवेनहूकची कसोटी पुढें दोन शतकें बाजूस पडली. १८७९ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें जोसेफ लॉरेन्स यांनीं एक जंतुनाशक द्रव तयार केला आणि शस्त्रक्रियेंत जंतुनाशनाचा पाया घालणाऱ्या लिस्टर यांच्या नांवावरून त्याला लिस्टरीन हें नांव दिलें. ओंव्याचें फूल, पुदिन्याचें फूल, निलगिरीच्या तेलांतील अर्क आणि गंधपुऱ्याच्या तेलाचें सार हीं त्यांतील मुख्य द्रव्यें. तीं मद्यार्कांत विरघळविलेलीं. हा द्रव प्रथम शस्त्रवैद्यांसाठीं होता. पुढें तो तोंड धुण्यासाठीं सर्वांना विकूं लागले. १९२० नंतरच्या दशकांत त्याच्या जाहिरातींनीं तोंडाच्या दुर्गंधीला एक लांबलचक लॅटिन वळणाचें नांव देऊन ती विवाहांत आडवी येणारी व्याधि ठरविली, आणि खप भराभर वाढला. हीच गुळणी पडसें व घसादुखी टाळते, असेंही वर्षानुवर्षें सांगितलें जाई. अखेर १९७५ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें हुकूम काढला कीं, पुढील १ कोटि डॉलरांच्या जाहिरातींत या गुळणीनें पडसें टळत नाहीं, असें कंपनीनेंच स्पष्ट छापावें. जंतु मारण्याच्या गुणाबद्दल येथें वादच नव्हता. ते मारल्यानें काय साधतें, हा प्रश्न कोणी तोंडांत तपासून पाहिला नव्हता, एवढेंच.

हिरड्यांच्या बाबतींत तर त्याहूनही मूळची अडचण होती. हिरड्या लाल होणें, सुजणें, दांत घांसतांना रक्त येणें, हा विकार घरोघर दिसतो. परंतु तो होतो कशानें, याविषयीं १९६५ पर्यंत एकवाक्यता नव्हती. कोणी आहारांतील न्यूनतेला दोष देई, कोणी शरीरप्रकृतीला, कोणी किटणाच्या खरखरीत घर्षणाला. शत्रु कोण हें ठरलेलें नसतां शस्त्राची परीक्षा कशी घ्यावी? ही गांठ डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील दंतवैद्यक महाविद्यालयांत हाराल्ड ल्यो व त्यांचे सहकारी यांनीं सोडविली, आणि तीही इतक्या साध्या उपायानें कीं, तो अगोदर कोणाला कसा सुचला नाहीं याचें नवल वाटावें.

त्यांनीं निरोगी हिरड्यांचीं १२ माणसें निवडलीं. त्यांतील बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांचे दांत स्वच्छ होते, हिरड्या घट्ट व गुलाबी होत्या. या सर्वांना दांत घांसणें पूर्णपणें बंद करण्यास सांगण्यांत आलें. दंतवैद्य होऊं पाहणाऱ्या तरुणांना ही आज्ञा शिक्षकाकडूनच व्हावी, हा योग दुर्मिळ खरा! प्लाक दिवसेंदिवस वाढूं लागला. दर कांहीं दिवसांनीं त्याचा अंश घेऊन तपासतां असें दिसलें कीं, प्रथम गोल जंतूंचें राज्य असतें, मग लांबट व तंतूसारखे जंतु येतात, आणि शेवटीं मळसूत्रासारखे वळवळणारे. सुमारें १० दिवसांत तिघांच्या हिरड्यांना दाह झाला. उरलेल्या नऊजणांच्या हिरड्या १५ ते २१ दिवसांच्या दरम्यान सुजल्या. बाराही जणांपैकीं एकही सुटला नाहीं. मग त्यांच्या हातीं पुन्हां ब्रश देण्यांत आला, आणि सुमारें आठवड्याभरांत सर्वांच्या हिरड्या पूर्ववत् झाल्या.

आहार तोच, प्रकृति तीच, माणसें तींच. बदलला तो केवळ प्लाक. तो आला तेव्हां रोग आला, आणि तो गेला तेव्हां रोगही गेला. कार्यकारणभाव सिद्ध करण्याचा यापेक्षां स्वच्छ नमुना वैद्यकांत क्वचितच मिळेल. या प्रयोगानें दुसरें एक मोठें काम केलें. तीन आठवड्यांत रोग आणतां येतो व आठवड्यांत तो घालवितां येतो, हें कळल्यावर कोणत्याही गुळणीची परीक्षा घेण्यास आखाडा तयार झाला. ब्रश बंद करावा, गुळणी चालू ठेवावी, आणि हिरड्या काय म्हणतात तें पाहावें.

परंतु हिरड्या काय म्हणतात, हें तरी मोजावें कसें? ताप पाऱ्यानें मोजतां येतो. लालीला मोजपट्टी नाहीं. त्यासाठीं ल्यो व सिल्नेस यांनीं १९६३ व १९६४ या सालीं दोन साधे तक्ते घालून दिले होते. हिरडी निरोगी असल्यास ०. किंचित् रंग पालटला पण टोंकल्यास रक्त येत नसेल तर १. लाल, सुजलेली व टोंकल्यास रक्त येत असेल तर २. आपोआप रक्त येऊं लागलें तर ३. प्लाकलाही तसेच गुण : मुळींच नसल्यास ०, डोळ्यांना दिसत नाहीं पण दांत खरवडल्यास सळईच्या टोंकाला लागतो तेव्हां १, नुसत्या डोळ्यांनीं दिसतो तेव्हां २, आणि भरपूर साचलेला असल्यास ३. शाळेंतील गुणपत्रिकेप्रमाणेंच येथेंही गुण देणाऱ्याची दृष्टि हा कच्चा दुवा असतो. म्हणून परीक्षकाला कोणी कोणती गुळणी घेतली हें ठाऊक नसावें, आणि गुळणी घेणाऱ्यालाही तें कळूं नये, असा दंडक पडला.

अशी सर्व सिद्धता झाल्यावर १९७० सालीं ल्यो व श्योट यांनीं ऑर्हूस येथील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनीं निवडलेलें द्रव्य म्हणजे क्लोरहेक्सिडीन. इंग्लंडमधील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेंत तें शोधलें गेलें होतें, आणि १९५४ पासून तें कातडीवरील जंतु मारण्यासाठीं वापरांत होतें. त्याचा शेंकडा ०.२ प्रमाणाचा द्रव, १० मिलिलिटर, दिवसांतून दोन वेळां, दर खेपेस एक मिनिट तोंडांत खेळवावयाचा. ब्रश अजिबात लावावयाचा नाहीं. निकाल पाहून खुद्द दंतवैद्य चकित झाले. प्लाक जवळजवळ बसलाच नाहीं आणि हिरड्या निरोगी राहिल्या.

लेवेनहूकच्या शिरक्याला जें साधलें नाहीं, तें या द्रव्याला कसें साधलें? जंतु मारण्याची शक्ति इतर कित्येक द्रव्यांत आहे. पण तोंड ही वाहत्या पाण्याची जागा आहे. लाळ अखंड पाझरते, जीभ अखंड हालते, आणि बहुतेक औषधें थोड्याच वेळांत धुऊन जातात. क्लोरहेक्सिडीनच्या कणांवर धन विद्युद्भार असतो, तर दांतावरच्या पातळ आवरणावर व तोंडाच्या आंतील त्वचेवर ऋण. त्यामुळें तें द्रव्य तेथें चिकटून बसतें व कित्येक तास हळूहळू सुटत राहतें. गुळणी थुंकून टाकली तरी पहारा उठत नाहीं. तथापि हेंही ध्यानांत ठेवावयास हवें कीं, हा पहारा स्वच्छ दांतावर नवा प्लाक बसूं देत नाहीं. आधींच साचलेल्या जाड थराच्या आंत शिरणें त्यालाही अवघडच जातें. डेल्फ्टच्या व्यापाऱ्याचें म्हणणें येथें अजून उभें आहे. म्हणून गुळणी सुरू करण्यापूर्वीं दांत साफ करून घ्यावे लागतात.

१९८६ सालीं अमेरिकेंत ही गुळणी वैद्याच्या चिठ्ठीवर विकण्यास परवानगी मिळाली. तेथें प्रमाण शेंकडा ०.१२ ठेवलें, पण मात्रा १५ मिलिलिटर. हिशेब करूं जातां ऑर्हूसच्या गुळणींत औषध २० मिलिग्रॅम आणि अमेरिकेच्या गुळणींत १८ मिलिग्रॅम. म्हणजे बाटलीवरील टक्क्यांचा आंकडा एकटाच वाचून औषध सौम्य कीं तीव्र हें ठरवूं नये.

येथें कोणी विचारील कीं, मग प्रश्न सुटला काय? सुटला नाहीं. ऑर्हूसचे विद्यार्थी ब्रश लावीत नव्हते. व्यवहारांतील मनुष्य बरावाईट का होईना, दांत घांसतो, आणि त्यावर आणखी गुळणी घेतो. त्याला त्या गुळणीनें अधिक काय मिळतें, हा प्रश्न वेगळा आहे, आणि ग्राहकाच्या खिशाशीं त्याचाच संबंध आहे. यासाठीं अमेरिकन डेंटल असोसिएशननें १९८६ सालीं नियम घालून दिले. परीक्षा निदान सहा महिन्यांची असावी. ती सामान्य वापर करणाऱ्या लोकांवर व्हावी. शेजारीं दुसऱ्या गटाला तुलनेची गुळणी द्यावी. एकमेकांशीं संबंध नसलेल्या दोन ठिकाणीं ती व्हावी. आणि जुने जंतु मारतां मारतां त्यांच्या जागीं नवे घातक जंतु तर माजले नाहींत ना, हेंही पाहावें.

सहा महिन्यांचा आग्रह कां, हें असल्या परीक्षांत जो उभा राहिला त्याला लवकर कळतें. आपले दांत कोणी तपासणार आहे, एवढें कळलें कीं मनुष्य नीट घांसूं लागतो. त्यामुळें ज्यांना औषधाविना नुसतें रंगीत पाणी दिलें, त्यांच्या हिरड्याही प्रथम सुधारतात. इन्स्पेक्टर येण्याच्या आठवड्यांत शाळेच्या भिंती जशा पांढऱ्या होतात, तसलाच हा प्रकार. हा उत्साह ओसरल्यावर काय उरतें, तें पाहावयाचें असतें. तुलनेचा गटच ठेवला नाहीं, तर ही सारी सुधारणा गुळणीच्या नांवावर जमा होते. आणि कित्येक जाहिरातींतले आंकडे असेच जमा झालेले असतात.

याच नियमांखालीं सहा महिन्यांच्या परीक्षा देऊन १९८७ सालीं लिस्टरीननें हिरड्यांच्या दाहापुरती त्या संस्थेची मान्यता मिळविली. ज्या द्रवाला पडशाच्या बाबतींत जाहीर माघार घ्यावी लागली होती, त्यालाच हिरड्यांच्या बाबतींत प्रमाणपत्र मिळालें, हें न्यायाचेंच झालें. पण जाहिरातीला तेवढ्यानें समाधान नव्हतें. ही गुळणी दांतांच्या फटींत दोरा फिरविण्याइतकीच परिणामकारक आहे, असें पुढें सांगण्यांत येऊं लागलें, आणि २००५ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें तें विधान दिशाभूल करणारें ठरविलें. ज्या परीक्षांचा आधार दिला होता, त्यांतील लोक दोरा नियमानें व नीट फिरवीतच नव्हते. न धांवणाऱ्याशीं शर्यत लावून जिंकल्याचा तो प्रकार होता.

क्लोरहेक्सिडीनवर झालेल्या अशा सर्व परीक्षा एकत्र करून कॉक्रेन या संस्थेनें २०१७ सालीं एक परामर्श प्रसिद्ध केला. ५१ परीक्षा, त्यांत ५३४५ माणसें. दांत घांसणाऱ्या माणसानें ही गुळणी चार ते सहा आठवडे किंवा सहा महिने घेतली, तर प्लाक पुष्कळच कमी होतो, याविषयीं त्यांना शंका उरली नाहीं. हिरड्यांचा दाहही कमी होतो, हेंही निश्चित ठरलें. परंतु किती? ज्यांच्या हिरड्यांचा दाह मुळांतच सौम्य होता, त्यांत ० ते ३ या मापावर ०.२१. हा फरक खरा आहे, पण दंतवैद्यकाच्या दृष्टीनें तो अर्थपूर्ण मानतां येत नाहीं, असें त्या परामर्शकारांनींच स्पष्ट लिहिलें. फरक आहे हें सिद्ध होणें आणि तो फरक उपयोगाचा असणें, या दोन गोष्टी पुष्कळदां एकच समजल्या जातात. ज्यांचा दाह तीव्र आहे, त्यांच्याविषयीं निश्चित बोलण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाहीं.

त्याच परामर्शांत दुसरी एक गोष्ट तितक्याच निश्चयानें आली : दांतांवर डाग पडतात. चार ते सहा आठवड्यांतच ते स्पष्ट दिसतात, तपकिरी रंगाचे, आणि चहा-कॉफी पिणाऱ्याला अधिक. याशिवाय जिभेची चव कांहीं काळ बिघडते, किटण अधिक बसतें, क्वचित् तोंडाची आग होते. डागांमुळें परीक्षेंतही एक पेंच उभा राहतो. परीक्षकाला कोणी कोणती गुळणी घेतली हें कळूं नये, असा दंडक आहे खरा. पण रुग्णानें तोंड उघडतांच तपकिरी दांत तें सांगून टाकतात. यावर पूर्ण इलाज अजून निघालेला नाहीं, आणि अशा परीक्षांतले आंकडे वाचतांना शहाण्या वाचकानें तेवढी वट धरावी.

हिरड्यांचा दाह म्हणजे दांत गेलाच, असेंही समजण्याचें कारण नाहीं. ल्यो यांनीं १९७० पासून श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांच्या दांतांची वर्षानुवर्षें पाहणी केली. त्यांना ब्रशही ठाऊक नव्हता व दंतवैद्यही. प्लाक, किटण व सुजलेल्या हिरड्या जवळजवळ सर्वांच्याच तोंडीं होत्या. परंतु १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें दांतांचा आधार झपाट्यानें खचत गेला तो शेंकडा ८ जणांचा. ८१ जणांचा मध्यम गतीनें. आणि ११ जणांचा रोग हिरडीच्या दाहापलीकडे गेलाच नाहीं. हे ८ जण कोणते, हें आधीं ओळखतां येत नाहीं, म्हणून दाह सर्वांनींच टाळावयाचा. पण भीति दाखवून बाटली विकणाऱ्याच्या तोंडीं हे आंकडे सहसा येत नाहींत.

आपल्याकडील मिठाचें पाणी, तुरटी, त्रिफळ्याचा काढा, यांनाही हीच कसोटी लावावयास हवी, आणि ती लावण्यास देशांतील दंतवैद्यक महाविद्यालयांनीं आरंभ केला आहे. त्रिफळ्याच्या गुळणीचे कांहीं निष्कर्ष आशादायक आहेत. पण यांतील पुष्कळ परीक्षा थोड्या माणसांवर व थोड्या आठवड्यांच्या आहेत. जुनें तें टाकाऊ म्हणूं नये, तसेंच जुनें म्हणून त्याला परीक्षेंतून सूटही देऊं नये. मिश्रीची गोष्ट मात्र निराळी. ती भाजलेली तंबाखूच होय; हिरड्यांना ती अपायकारक आहे आणि तोंडाच्या कर्करोगाला ती वाट करून देते. तिच्यासाठीं आणखी परीक्षेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

मग क्लोरहेक्सिडीनची गुळणी घ्यावी तरी कोणीं? जेथें ब्रश चालूं शकत नाहीं, तेथें तिचें खरें स्थान आहे. हिरडीवर शस्त्रक्रिया झाली आहे, मोडलेला जबडा तारांनीं बांधला आहे, आजारपणानें किंवा अपंगत्वानें हात चालत नाहीं, अशा माणसाला ऑर्हूसच्या विद्यार्थ्यांसारखेंच ब्रशावांचून दिवस काढावे लागतात. आणि ऑर्हूसचा निष्कर्ष त्याला जशाचा तसा लागू पडतो. ती दंतवैद्याच्या सांगण्यावरून, त्यानें नेमून दिलेल्या दिवसांपुरती घ्यावी, गिळूं नये, आणि जिला चूळ थुंकतां येत नाहीं अशा लहान मुलाच्या हातीं ती देऊं नये. दांत घांसण्याच्या पेस्टमध्यें फेंस आणणारें जें द्रव्य असतें, तें क्लोरहेक्सिडीनचा गुण मारतें. म्हणून दोहोंमध्यें निदान अर्ध्या तासाचें अंतर ठेवावें. गुळणी चालू असेपर्यंत चहा कमी केल्यास डाग कमी पडतात. पडलेले डाग दंतवैद्याकडून साफ करून घेतां येतात. घरच्या ब्रशानें ते सहसा निघत नाहींत.